नकाशा वाचणार कोण? पुण्यातल्या कॅड-शिक्षणाचा आढावा

पुण्यात एखाद्या इमारतीचा नकाशा मंजुरीसाठी महापालिकेत जातो, तेव्हा त्याची पहिली तपासणी संगणक करतो. ऑटोडीसीआर नावाची ही प्रणाली पुण्याच्याच सॉफ्टटेक इंजिनिअर्स या कंपनीनं तयार केली आणि पुणे महापालिकेनं ती या शतकाच्या पहिल्या दशकातच वापरात आणली. पुढे राज्यातल्या आणि राज्याबाहेरच्या अनेक पालिकांनी तोच रस्ता धरला. ड्रॉइंगमधल्या ठरावीक लेयरवरच्या बंद आकृत्या ही प्रणाली शोधते, त्यांची क्षेत्रफळं काढते, इमारत आणि हद्द यांच्यातली सामासिक अंतरं मोजते आणि सगळे आकडे विकास नियंत्रण नियमावलीशी ताडून अहवाल देते. प्लॉटची हद्द चुकीच्या लेयरवर पडली असेल, तर तिच्या लेखी प्लॉटच अस्तित्वात नाही. खोलीची रेघ एका कोपऱ्यात किंचित उघडी राहिली असेल, तर ती खोलीही नाही.

तोच नकाशा पुढे कितीतरी हातांत जातो. स्ट्रक्चरल कन्सल्टंट त्यावरून कॉलम बसवतो. साइटवरचा मिस्त्री त्यातले आकडे वाचून दोरी लावतो. महारेराच्या नोंदणीसाठी त्यातूनच कार्पेट एरिया काढला जातो, आणि दोन-तीन वर्षांनी भोगवटा पत्राच्या वेळी कुणी दुसराच ड्राफ्ट्समन ती फाइल उघडून बदल करतो. प्रत्येकजण त्या रेघांत वेगळं काहीतरी शोधत असतो. सॉफ्टवेअर शिकणाऱ्याला हे पहिल्या आठवड्यात कुणी सांगत नाही, ही आपल्या कॅड-शिक्षणातली सर्वांत मोठी उणीव आहे असं माझं मत आहे. कमांड महिन्याभरात येतात. रेघ कुणासाठी मारतो आहोत हे कळायला मात्र वर्षं जातात, आणि तेवढा काळ चुकांची किंमत दुसरेच मोजत राहतात.

ऑटोकॅड पहिल्यांदा बाजारात आलं ते १९८२च्या डिसेंबरमध्ये. त्याआधी आणि नंतरही बराच काळ आपल्याकडे ड्रॉइंग बोर्ड, मिनी ड्राफ्टर, ट्रेसिंग पेपर, रॉट्रिंगची पेनं आणि अमोनिया प्रिंट यांचंच राज्य होतं. चुकलेली शाईची रेघ ब्लेडनं खरवडून काढायची, म्हणून रेघ मारण्याआधी विचार व्हायचा. त्या काळाबद्दल हळहळण्याचं कारण नाही, पण त्यातली एक शिस्त हातातून निसटली आहे. बोर्डवर बसणारा माणूस पहिली रेघ मारण्याआधीच स्केल ठरवत असे: इमारतीचा प्लॅन १:१००, साइट प्लॅन १:५००. कागद केवढा, त्यावर काय मावेल, अक्षर केवढं वाचता येईल, याचा निर्णय आधी होत असे.

कॅडमध्ये हे उलटं आहे. इथं सगळं खऱ्या मापात काढायचं असतं. तीन मीटरची भिंत ३००० मिलिमीटरचीच काढायची. स्केल येतो छापताना, लेआउटच्या पानावर व्ह्यूपोर्ट लावताना. शिकणाऱ्यांपैकी कितीतरी जण या पायरीवर अडखळतात आणि मॉडेलमधलं ड्रॉइंगच शंभरपट लहान करून टाकतात. त्या क्षणापासून फाइलमधलं एकही माप खरं राहत नाही. अक्षरांचंही तसंच. छापील कागदावर अडीच मिलिमीटर उंचीचं अक्षर नीट वाचता येतं. १:१०० साठी मॉडेलमध्ये तेच अक्षर २५० मिलिमीटरचं लागतं, १:५० साठी १२५ चं. हा गुणाकार समजला की अॅनोटेटिव्ह टेक्स्ट म्हणजे काय, ते कशासाठी आहे, हे आपोआप उलगडतं. तो न समजता बटण दाबत राहिलं, तर एका पानावर अक्षरं मुंगीएवढी आणि दुसऱ्यावर खोलीभर पसरलेली दिसतात. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत शिकणाऱ्यानं कमांडची यादी बाजूला ठेवावी आणि एकच खोली १:२०, १:५० आणि १:१०० अशी एकाच कागदावर छापून बघावी. तिन्ही स्केलला काय दाखवायचं आणि काय गाळायचं, हा प्रश्न तिथंच पहिल्यांदा पडतो.

पुण्यात हे शिकण्याच्या जागा पुष्कळ आहेत. औंधसारख्या आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन सिव्हिल हा दोन वर्षांचा ट्रेड दहावीनंतर करता येतो. पॉलिटेक्निकं आहेत. कर्वेनगरला महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं १९९४ साली सुरू झालेलं भानुबेन नानावटी महाविद्यालय आहे, तशीच वास्तुकलेची इतर महाविद्यालयं आहेत आणि खासगी क्लास तर डेक्कनपासून हडपसरपर्यंत आहेत. आयटीआयच्या विद्यार्थ्याला बांधकामाचे तपशील आणि हातानं काढण्याची सवय मिळते, संगणकावर पुरेसे तास मिळतीलच असं नाही. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याच्या हाती स्केचअप आणि रेंडरिंगची साधनं लवकर येतात, कारण ज्युरीसमोर चित्र लागतं. वर्किंग ड्रॉइंग त्याच्या वाट्याला उशिरा येतं. क्लासवाले कमांड झपाट्यानं शिकवतात, आणि त्यांच्याकडे सरावासाठी बहुधा यंत्रांचे भाग किंवा ठरलेला तोच बंगला असतो. यांतली एकही वाट वाईट नाही. मात्र भारतीय मानक ब्युरोची वास्तुशास्त्रीय ड्रॉइंगसाठी आयएस ९६२ ही संहिता आहे, शाळा-महाविद्यालयांसाठी १९८८ चं एसपी ४६ आहे, आणि या तिन्ही वाटांनी आलेल्या मुलांपैकी फार थोड्यांनी ती उघडून पाहिलेली असतात, याचं मला दुःख वाटतं. रेघांच्या जाडी, सेक्शनची खूण, माप लिहिण्याची पद्धत हे सारं ठरून गेलेलं आहे. सॉफ्टवेअर बदललं तरी ते बदलत नाही.

आता मापांकडे वळू, कारण पुण्यात काम करणाऱ्याचा निम्मा गोंधळ इथं होतो. मंजुरीचा नकाशा मीटरमध्ये, वर्किंग ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, फ्लॅटचा भाव चौरस फुटात, जमिनीचा व्यवहार गुंठ्यात, सातबारा हेक्टर-आरमध्ये, आणि गवंड्याच्या तोंडी फूट, इंच नि सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. यांतलं एकेक परिमाण आपापल्या जागी योग्यच आहे. अडचण येते ती एकातून दुसऱ्यात जाताना.

गुंठा आणि आर यांची गल्लत सर्रास होते. आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, म्हणजे साधारण १०१.१७ चौरस मीटर. एक गुंठा असेल तर फरक नगण्य. पण ४० गुंठ्यांचा एकर ४० आर धरून काढला, तर जवळजवळ ४७ चौरस मीटर हिशेबातून गळतात. पाचशे चौरस फुटांहून थोडं अधिक क्षेत्र, म्हणजे एका लहान घराची जागा. राज्याच्या युनिफाइड विकास नियंत्रण नियमावलीच्या क्षेत्रफळ तक्त्यात मालकीच्या कागदावरचं क्षेत्र, मोजणी नकाशाप्रमाणेचं क्षेत्र आणि प्रत्यक्ष जागेवरचं क्षेत्र असे तीन आकडे लिहून त्यांतला सर्वांत कमी धरायचा असतो. हे तीन आकडे तीन वेगळ्या बंद पॉलीलाइन काढून, वेगळ्या लेयरवर ठेवून मिळवावेत. कॅल्क्युलेटरवरून टाइप केलेला आकडा कुणीही नंतर पडताळू शकत नाही.

फूट-मीटरचं दुखणं सूक्ष्म आहे. दहा फूट म्हणजे ३०४८ मिलिमीटर. बहुतेकजण ३०५० काढतात, आणि एका खोलीपुरतं ते चालून जातं. ओळीनं बारा गाळे असतील तर शेवटच्या कॉलमपर्यंत २४ मिलिमीटर, जवळपास इंचभर सरकलेले असतात. तेव्हा आधी ठरवावं: हे ड्रॉइंग मुळात कोणत्या परिमाणात जन्मलं? मग युनिट्समध्ये तेच नोंदवावं, इन्सर्शन स्केलही तेच ठेवावं. नाहीतर मिलिमीटरमध्ये काढलेला ९०० चा दरवाजाचा ब्लॉक इंचांच्या फाइलमध्ये ओढला की तो पंचाहत्तर फुटांचा होऊन बसतो. एवढी मोठी चूक निदान डोळ्यांना दिसते. घातक त्या, ज्या दिसत नाहीत. डायमेन्शनची अचूकता शून्य दशांशावर ठेवली, तर २९९९.६ ही भिंत ३००० दिसते, आणि अशा चार भिंती मिळून कोपरा जुळत नाही. काढताना दशांश दोन-तीन ठेवावेत, छापताना गोल करावं.

रेघ नेमक्या बिंदूला टेकली पाहिजे, हा कॅडचा पहिला नियम. त्यासाठी एफ-३ नं ऑब्जेक्ट स्नॅप चालू ठेवतात, पण त्यात निअरेस्ट हा पर्याय कायम सुरू ठेवणं म्हणजे चुकांना आमंत्रण. तो कर्सरजवळचा रेघेवरचा कुठलाही बिंदू पकडतो, टोक पकडल्याचा भास होतो, प्रत्यक्षात दोन मिलिमीटर बाजूला असतो. एंडपॉइंट, मिडपॉइंट, इंटरसेक्शन आणि परपेंडिक्युलर एवढे चार पुरतात. बाकीचे लागतील तेव्हा तेवढ्यापुरते घ्यावेत. दोन रेघांचा कोपरा जुळवायला ट्रिम-एक्स्टेंडची खटपट करण्यापेक्षा फिलेट घ्यावं आणि दुसरी रेघ निवडताना शिफ्ट धरावं, त्रिज्या शून्य धरून कोपरा अचूक मिळतो. भिंती ऑफसेटनं काढाव्यात: बाहेरची विटांची २३० ची, आतली ११५ ची. हलक्या ब्लॉकचं काम असेल तर १५० आणि १००. प्लास्टर धरलं आहे की नाही हे पानावर एकदा स्पष्ट लिहावं. तयार भिंतीचं माप आणि कच्च्या भिंतीचं माप यांतल्या गोंधळानं बाथरूममध्ये टाइल कापाव्या लागतात.

लेयर हा विषय क्लासमध्ये रंगांपुरता शिकवला जातो. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. फाइल उघडणाऱ्याला ‘फक्त कॉलम दाखव’, ‘फक्त ड्रेनेज दाखव’ असं म्हणता आलं पाहिजे. म्हणून रेघ ज्या लेयरवर आहे त्याचाच रंग, त्याचीच जाडी तिला असावी. एकेका रेघेला हातानं रंग दिला की पुढच्या माणसाची वाट लागते. ब्लॉक शून्य लेयरवर काढले, तर ते जिथं ठेवाल त्या लेयरचे गुण घेतात. डेफपॉइंट्स लेयरवरचं काही छापत नाही, त्यामुळे ‘पडद्यावर दिसतं, कागदावर नाही’ या तक्रारीत आधी तिकडे बघावं. ऑफिसातल्या सर्वांसाठी लेयर, टेक्स्ट स्टाइल, डायमेन्शन स्टाइल आणि टायटल ब्लॉक असलेली एक टेम्पलेट फाइल करून ठेवणं हे एका दिवसाचं काम आहे, आणि लहान ऑफिसांनी सर्वांत आधी तेच करावं असा माझा आग्रह आहे.

मंजुरीच्या ड्रॉइंगमध्ये बंद पॉलीलाइनला पर्याय नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालेल्या युनिफाइड नियमावलीनं मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं वगळता राज्यभर एकच पद्धत आणली, आणि तिच्याबरोबर पी-लाइन हा शब्द प्रत्येक ड्राफ्ट्समनच्या तोंडी बसला. मजल्याच्या बांधकामाच्या बाहेरच्या कडेनं, बाल्कनीसकट फिरणारी, डक्ट आणि पोकळ्या वगळणारी ही रेघ, एफएसआयचा हिशेब तिच्यावरून होतो. ती भिंतींच्या रेघांवरून बाउंड्री कमांडनं उचलण्याचा मोह होतो. भिंतींत कुठं फट असेल तर ती कमांड अडते किंवा भलत्याच बाजूनं फिरून येते. पी-लाइन वेगळी, हातानं, कोपऱ्यामागून कोपरा पकडत काढावी आणि प्रॉपर्टीजमध्ये ‘क्लोज्ड’ आहे ना ते बघावं. नंतर ओव्हरकिल चालवून एकावर एक पडलेल्या दुहेरी रेघा काढून टाकाव्यात, कारण दोनदा काढलेली खोली तपासणीत दोनदा मोजली जाऊ शकते.

जुन्या मंजूर फाइलवरून नवं ड्रॉइंग बेतणं ही पुण्यातली रुळलेली सवय आहे. २०१७ च्या पुण्याच्या नियमावलीत बसवलेला तक्ता किंवा बाल्कनीचा हिशेब आज तसाच उचलला, तर आकडे दिसायला नेटके असतात आणि नियमाला धरून नसतात. महारेराचा कार्पेट एरिया आणखी निराळा: बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी वगळायच्या, आतल्या पार्टिशनच्या भिंती मात्र धरायच्या. २०१६ च्या कायद्यातली ही व्याख्या आहे. म्हणजे एकाच फ्लॅटला किमान दोन स्वतंत्र बंद आकृत्या लागतात, एक पालिकेसाठी, एक ग्राहकासाठी. त्या दोन लेयरवर कायमच्या ठेवल्या, तर डिझाइन बदलल्यावर दोन्ही बदलणं लक्षात राहतं. रंगांचे संकेत ठरलेले आहेत: प्रस्तावित काम लाल, पाडायचं काम पिवळं, अस्तित्वातला रस्ता हिरवा. नदीकाठच्या प्लॉटवर पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा याव्या लागतात. त्या सरकारी नकाशावरून डोळ्यांच्या अंदाजानं उतरवू नयेत.

कॅड वापरणाऱ्याच्या हातून होणारी सर्वांत वाईट गोष्ट कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन: डायमेन्शनचा आकडा हातानं बदलणं. भिंत २९८० निघाली, हवी होती ३०००. वेळ नाही, म्हणून भिंत न हलवता आकड्यावर ३००० टाइप करायचं. त्या घडीपासून ड्रॉइंगमध्ये दोन इमारती राहायला लागतात. पालिकेची प्रणाली रेघ मोजते, तिला २९८० दिसतं. मिस्त्री आकडा वाचतो, तो ३००० बांधतो. कॉलमची जागा रेघेवरून घेतलेली, भिंत आकड्यावरून, आणि तंटा जोत्यावर उभा राहतो. नव्या मुलानं हे कधीही करू नये. दुसऱ्याची फाइल हातात आली तर असे बदललेले आकडे क्विक सिलेक्टनं हुडकून आधी मोकळे करावेत, खरी मापं समोर येऊ द्यावीत, मग पुढचं काम.

साइटवर जाणाऱ्या ड्रॉइंगचा वाचक उन्हात, धुळीत, हातात टेप घेऊन उभा असतो. त्याला साखळीतली सुटी मापं दिली, तर तो एकेक माप मागच्या खुणेपासून घेतो आणि प्रत्येक वेळच्या चुकीची बेरीज होत जाते. सेंटर लाइन प्लॅनवर एका पक्क्या कोपऱ्यापासून धावती मापं द्यावीत: ०, ३२००, ६१५०, ९४००. सुटी मापं सोबत दिली तरी चालतील, पडताळणीला उपयोगी पडतात. आयताचे दोन्ही कर्णही लिहून द्यावेत. लाइनआउट गुण्यात आहे की नाही हे मिस्त्री तीन-चार-पाचनं तपासतोच, पण वीस मीटरच्या इमारतीला कर्णाचा आकडा हाताशी असला की शंका उरत नाही. कॉलमची साइझ, दिशा आणि क्रमांक तिथंच. फर्निचर, झाडं, टाइलचं हॅच यांतलं काही त्या पानावर नको. हल्ली साइटवर कागदाऐवजी मोबाइलवरची पीडीएफ उघडली जाते. ए-वन आकाराचं पान पाच-सहा इंची पडद्यावर वाचता येत नाही, म्हणून एकेका खोलीचं किंवा जिन्याचं ए-थ्री पान वेगळं काढून द्यावं.

सर्व्हेच्या फाइलचा एक सापळा नव्या मुलांना बुचकळ्यात पाडतो. टोटल स्टेशन किंवा जीपीएसनं केलेला सर्व्हे यूटीएम निर्देशांकांत आला, तर पुण्याचा उत्तरेकडचा आकडा साधारण साडेवीस लाख मीटर असतो. तो मिलिमीटरमध्ये नेला की दोन अब्जांच्या वर जातो. ड्रॉइंग मूळबिंदूपासून इतकं दूर गेलं की हॅच तुटतात, वर्तुळं वेडीवाकडी दिसतात, स्नॅप उड्या मारतो. रेव्हिट हे त्रिमिती सॉफ्टवेअर तर अंतर्गत मूळबिंदूपासून सुमारे १६ किलोमीटरच्या त्रिज्येपलीकडची भूमिती नीट सांभाळतच नाही. सर्व्हेची मूळ फाइल न बदलता जपून ठेवावी, कामाच्या फाइलमध्ये प्लॉटचा एक कोपरा शून्याजवळ आणावा आणि त्या कोपऱ्याचे खरे निर्देशांक ड्रॉइंगवर लिहून ठेवावेत. पुढे रस्तारुंदी किंवा विकास आराखडा जोडायची वेळ आली तर परतीची वाट राहते.

पुण्यात कॅड शिकणाऱ्याला जी संधी दुसरीकडे सहज मिळत नाही, ती आहे पेठांमधल्या जुन्या वाड्यांची. विश्रामबाग वाडा, नाना वाडा, आणि नावं नसलेले कितीतरी. मोजणी-चित्रणाचा अभ्यास वाड्यात करावा, कारण वाड्यात काटकोन गृहीत धरता येत नाही. लाकडी खांब आणि तुळयांची चौकट खणांच्या हिशेबानं पुढे जाते, पण सगळे खण सारखे निघत नाहीत. भिंत खाली जाड, वर बारीक, चौक चौकोनी दिसतो आणि नसतो. अशा चौकाच्या चार बाजू मोजून काहीच सिद्ध होत नाही, त्याच चार बाजूंत वेगवेगळे आकार बसतात. किमान एक कर्ण घ्यावा, दुसरा पडताळणीसाठी. मग पडद्यावर एक बाजू पाया म्हणून काढायची, तिच्या दोन्ही टोकांपासून मोजलेल्या त्रिज्यांची वर्तुळं काढायची, ती जिथं छेदतात तिथं तिसरा कोपरा. हे काम करताना ऑर्थो बंदच ठेवावं. एफ-८ ची सवय लागलेला हात वाड्याच्या तिरप्या भिंती नकळत सरळ करून टाकतो आणि अडीचशे वर्षांची इमारत कागदावर दुसरीच होते. सोपा, ओसरी, माजघर, कडीपाट ही नावंच लेयरला आणि खोल्यांना द्यावीत. ‘लिव्हिंग’ आणि ‘पॅसेज’ लिहिलं की वाड्याची रचनाच वाचता येत नाही. फोटोंवरून त्रिमिती बिंदू काढणारी साधनं आता हाताशी आहेत आणि दर्शनी भागासाठी ती उत्तम आहेत. तरी टेपनं घेतलेली चार-सहा मापं हवीतच, कारण फोटोच्या मॉडेलला खरा आकार त्यांच्यामुळेच मिळतो.

मराठी अक्षरांचा प्रश्न रोजचा आहे. टायटल ब्लॉकमध्ये मौजे, तालुका, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर लिहायचे असतात. ऑटोकॅडच्या जुन्या एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी नाही, तिथं प्रश्नचिन्हं उमटतात. जुन्या फाइलींमधला मजकूर बहुधा श्रीलिपीत असतो. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं हे सॉफ्टवेअर आपल्याकडच्या छपाईनं वर्षानुवर्षं वापरलं, पण त्याचे जुने फॉन्ट ज्या संगणकावर नाहीत तिथं त्या ओळी निरर्थक चिन्हांच्या होतात. नवं काम युनिकोडमध्येच करावं, मंगल किंवा नोटो देवनागरीसारखा ट्रूटाइप फॉन्ट घेऊन मल्टिलाइन टेक्स्टमध्ये लिहावं, आणि पीडीएफ काढल्यावर जोडाक्षरं, रफार, वेलांट्या एकदा डोळ्यांखालून घालाव्यात. मिस्त्रीसाठीच्या टिपा मराठीत द्याव्यात, हे मी मुद्दाम सांगतो. ‘सिल लेव्हल’ लिहून शिवाय ‘खिडकीचा तळ फरशीपासून ९००’ असं लिहायला पाच सेकंद लागतात.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कनं २०१६ पासून बहुतेक उत्पादनांचे कायमस्वरूपी परवाने विकणं थांबवलं आणि दर वर्षी वर्गणी भरण्याची पद्धत आली. दोन-तीन माणसांच्या ऑफिसला तो खर्च जड आहे, हे मान्य करूनही चोरीची प्रत वापरू नये असंच मी म्हणेन. कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय अशा प्रतींबरोबर येणारे विषाणू ऑफिसातल्या सगळ्या फाइली घेऊन जाऊ शकतात. विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी ऑटोडेस्क मोफत वापर देतं, त्यावर ग्राहकाचं काम करायचं नसतं. द्विमिती कामापुरतं ऑटोकॅड एलटी पुरतं, आणि २०२४ च्या आवृत्तीपासून त्यात ऑटोलिस्पही चालतं. बेल्जियमचं ब्रिक्सकॅड, चीनमधली झेडडब्ल्यूकॅड आणि जीस्टारकॅड या सगळ्यांना ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइल येते आणि कमांडही बहुतांशी त्याच. घेण्याआधी मंजुरीच्या ड्रॉइंगसाठी लागणारी जोडसाधनं त्यावर चालतात का, हे मात्र तपासावं. लिब्रेकॅड आणि फ्रीकॅड ही मोफत साधनं घरच्या सरावाला चांगली आहेत, फ्रीकॅडची १.० आवृत्ती २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आली. डीडब्ल्यूजीचा सुरळीत व्यवहार त्यांच्यात अजून मिळत नाही, म्हणून ऑफिसचं काम त्यांच्या भरवशावर एकदम सोडू नये.

बिमची, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंगची, चर्चा खूप होते. रेव्हिट २००० साली आलं, ऑटोडेस्कनं ते २००२ मध्ये विकत घेतलं, हंगेरीचं आर्किकॅड तर त्याहून जुनं. नागपूर आणि पुण्याची मेट्रो उभारणाऱ्या महामेट्रोनं त्रिमितीला वेळ आणि खर्च जोडणारं पंचमिती बिम वापरलं. मोठ्या प्रकल्पात त्याचं मोल वादातीत आहे: प्लॅनमध्ये खिडकी हलवली की सेक्शन, एलिव्हेशन आणि तक्ता तिन्ही बदलतात. पण मिस्त्री कसा बांधतो हे ज्याला माहीत नाही, त्याला रेव्हिट शिकवून भिंतीचे थर भरता येतील, बरोबर भरता येणार नाहीत. आधी हातानं एक जिना, एक टॉयलेट आणि एक खिडकी तपशिलासह काढावी, मग ऑटोकॅड, मग बिम, असा क्रम मला योग्य वाटतो. रेव्हिटची नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, तेव्हा कन्सल्टंटकडे कोणती आवृत्ती आहे हे कामाच्या पहिल्या दिवशी विचारावं. डीडब्ल्यूजी जुन्या स्वरूपात साठवता येते. समोरच्याची खात्री नसेल तर २०१३ च्या स्वरूपात पाठवावी. आताशा भाषिक प्रारूपांना सांगून छोटे लिस्प प्रोग्रॅम लिहून घेता येतात, उदाहरणार्थ निवडलेल्या सगळ्या खोल्यांची क्षेत्रफळं तक्त्यात आणणारा. जरूर घ्यावेत, आणि पहिल्यांदा दोन खोल्यांची बेरीज हातानं ताडून पाहावी.

फाइल सांभाळणं कुणी शिकवत नाही. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल दुरुस्त’ अशी नावं असलेल्या फोल्डरमधून साइटवर चुकीचं पान जातं आणि फुटिंग चुकीच्या जागी खणलं जातं. नावात प्रकल्प, पान क्रमांक आणि आर-०, आर-१ असा रिव्हिजन क्रमांक असावा. काय बदललं ते ढगाच्या आकृतीनं दाखवून टायटल ब्लॉकमध्ये तारखेसह एका ओळीत लिहावं. जुनी पानं साइटवरून परत मागवावीत. एक्सरेफ असलेली फाइल पाठवताना ई-ट्रान्समिट वापरावं, म्हणजे जोडलेल्या फाइली आणि फॉन्ट बरोबर जातात. ऑटोसेव्हचा वेळ दहा मिनिटांहून अधिक ठेवू नये. संगणक बंद पडला तर बॅक फाइलचं शेपूट बदलून डीडब्ल्यूजी केलं की आधीची प्रत उघडते, हे नव्या मुलाला नोकरीच्या पहिल्याच दिवशी दाखवून द्यावं.

जोते तपासणी झाली की जागेवरची मापं त्याच आठवड्यात ड्रॉइंगमध्ये उतरवावीत, वेगळ्या लेयरवर आणि तारीख घालून. कॉलम ४० मिलिमीटर सरकला असेल तर तो सरकलेलाच दाखवावा. सामासिक अंतर त्यामुळे कमी पडत असेल, तर ते जोत्यावर कळणं सातव्या मजल्यावर कळण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे, तिथं अजून सुधारित नकाशा दाखल करता येतो. भोगवटा पत्राच्या वेळचा पूर्णत्वाचा नकाशा याच नोंदींवरून काढायचा असतो. त्या वेळी मूळ ड्राफ्ट्समन बहुधा दुसऱ्या ऑफिसात गेलेला असतो, आणि नव्याला विचारायला समोर फक्त फाइल असते.